पारधी वस्तीच्या छळावर आमदाराला बोलतं कसं करायचं : निवेदनापासून सभागृहातल्या उत्तरापर्यंत

निवेदन टाईप करायचं, पाच-सहा जणांनी संपर्क कार्यालयात जायचं, कागद हातात देताना फोटो काढायचा आणि संध्याकाळी तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायचा. पारधी वस्तीवरच्या अन्यायाचा पाठपुरावा बहुतेक वेळा इथेच संपतो. आमदारसाहेब ‘बघतो’ म्हणतात आणि बरेचदा खरोखर बघतातही. पण बोलत नाहीत. कारण हातात आलेल्या दोन पानांत सभागृहात उभं राहून म्हणता येईल असं एकही वाक्य नसतं. सगळी व्यथा, आणि शेवटी ‘तरी न्याय मिळावा ही नम्र विनंती’.

झोपड्या जाळणं, गायरानातून हुसकावणं, चोरी झाली की वस्तीतली पोरं संशयावरून उचलणं, गावाने बहिष्कार घालणं, अशा प्रकरणांत लोकप्रतिनिधीला उघड बोलायला लावण्याची पद्धत खाली क्रमाने दिली आहे. क्रम बदलू नका. निम्म्या फजित्या क्रम चुकल्यानेच होतात. अधिवेशन सुरू होण्याच्या किमान दोन महिने आधी कामाला लागा. अर्थसंकल्पीय आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी डिसेंबरात नागपूरला, हे गणित डोक्यात ठेवून मागे मोजत या.

## टप्पा १ : आधी वस्तीची संमती

पुढारी बोलला की दुसऱ्या दिवशी त्याची किंमत वस्तीला मोजावी लागू शकते, तुम्हाला नाही. म्हणून पहिली बैठक आमदाराकडे घ्यायची नाही, पालांवर घ्यायची. चार गोष्टी स्पष्ट विचारा. गावाचं नाव जाहीर झालेलं चालेल का? कुणाचं नाव घ्यायचं आणि कुणाचं नाही? आमदारांसमोर कोण बोलणार? आणि पोलीस किंवा गावकरी पुन्हा आले तर रात्री फोन कुणाला करायचा?

या बैठकीत बायकांना वेगळं बसवून विचारा. पोलिसांची गाडी आली की पुरुष शेतात पळतात आणि घरात राहिलेल्या बायकांनाच सगळं सोसावं लागतं, त्यामुळे घटनेचा तपशील त्यांच्याकडेच नेमका असतो.

सावधान : प्रकरणात लैंगिक अत्याचार असेल तर पीडितेची ओळख पटेल असं काहीही निवेदनात लिहू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार तो गुन्हा आहे. नाव गाळून नात्याचा किंवा घराचा उल्लेख ठेवला तरी ओळख उघड होतेच.

## टप्पा २ : जमातीचं नाव तपासा

हा टप्पा लोक सर्रास गाळतात आणि पुढे तोंडघशी पडतात. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी, फासे पारधी, लंगोली पारधी, चिता पारधी, टाकणकार वगैरे नावं आहेत. राज पारधी मात्र विमुक्त जातींच्या, म्हणजे ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्यातून मुक्त झालेल्या जातींच्या यादीत येतात. म्हणजे फासे पारध्यांना ‘अ‍ॅट्रॉसिटी’ कायदा, म्हणजेच १९८९ चा अत्याचार प्रतिबंध अधिनियम लागू होतो. फक्त विमुक्त जातीचा दाखला असलेल्याला होत नाही. आपण कायद्याचं बोट दाखवायचं आणि पोलिसांनी दाखला दाखवून तो विषयच संपवायचा, हे टाळता येतं.

दाखला नसलेली कुटुंबं भरपूर असतात. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. पिढ्यान्‌पिढ्या भटकलेल्या माणसाने तो आणायचा कुठून? हा प्रश्न रास्त आहे, पण याच निवेदनात घुसडू नका. वेगळा ठेवा. त्यावर वेगळा प्रश्न विचारता येतो.

## टप्पा ३ : कागद जमवा, थोडेच पण पक्के

चाळीस पानांची फाईल कुणी उघडत नाही. पाच कागद पुरतात.

गुन्हा नोंदवला असेल तर एफआयआरची प्रत. ती फिर्यादीला मोफत मिळते. नोंदवला नसेल तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवलेली तक्रार आणि तिची पोच. घटनास्थळाचे तारखेसह फोटो. जखम असेल तर सरकारी दवाखान्याचा कागद. आणि तारीखवार एका पानाचा घटनाक्रम.

पोरांना नुसतं संशयावरून उचललं असेल तर आणखी एक काम ताबडतोब करा. त्या ठाण्याचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं, असं पत्र ठाण्याला आणि अधीक्षकांना द्या. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवून चित्रण १८ महिने ठेवण्याचे आदेश दिले, जिथे तशी सोय नाही तिथेही वर्षभराच्या खाली नाही. अटक दाखवली नाही, पण माणूस दोन रात्री ठाण्यात होता, हे सिद्ध करण्याचा दुसरा सोपा मार्ग नाही.

सोबत माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका. मागणी एकच : अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणाऱ्या जिल्हास्तरीय दक्षता व नियंत्रण समितीच्या गेल्या दोन वर्षांतल्या बैठकांचं इतिवृत्त आणि उपस्थितीपत्रक. अर्ज समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज १५० शब्दांच्या आत, विषय एकच. राज्याच्या नियमांत तशी अट आहे आणि अर्ज त्यावरूनच फेटाळले जातात. उत्तराला ३० दिवस.

हे इतिवृत्त का हवं? अत्याचार प्रतिबंध नियम, १९९५ च्या नियम १७ नुसार ही समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते, तिने दर तीन महिन्यांनी निदान एकदा बसायचं असतं आणि जिल्ह्यातले खासदार-आमदार तिचे सदस्य असतात. म्हणजे ज्यांच्याकडे तुम्ही दाद मागायला निघालात, त्यांच्याकडे ती जबाबदारी आधीपासूनच आहे. गैरहजेरीचा कागद तुमच्या पिशवीत असला की भेटीचा सूर बदलतो. हा कागद वर्तमानपत्राला मात्र देऊ नका, निदान इतक्यात नको.

तपासा : घटनाक्रमातली प्रत्येक तारीख एखाद्या कागदाशी जुळते का? जुळत नसेल तर ‘सुमारास’ लिहा, ठोकून तारीख देऊ नका. कारण सहाव्या टप्प्यात कळेल.

## टप्पा ४ : कुणाकडे जायचं ते ठरवा

सगळ्यात महागडी चूक म्हणजे खासदारांकडे पोलीस ठाण्याचा विषय नेणं. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यसूचीतले विषय. लोकसभेत ‘अमुक ठाण्याच्या निरीक्षकाने मारहाण केली’ असा प्रश्न टिकत नाही. खासदारांकडून दुसरं काम घ्या : राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाला पत्र, लोकसभेच्या नियम ३७७ खाली निवेदन किंवा शून्य प्रहरात मुद्दा. नियम ३७७ चा मजकूर २५० शब्दांच्या आत बसवावा लागतो, तेव्हा तो तसाच लिहून द्या.

ठाण्याचा, तपासाचा, मदतीच्या रकमेचा विषय आमदारांचाच. पण तिथेही पाहून जा. तुमचे आमदार मंत्री असतील तर ते प्रश्न विचारणार नाहीत, सरकारच्या बाजूने उत्तर देतील. अशा वेळी शेजारच्या मतदारसंघातल्या किंवा विधान परिषदेच्या सदस्याकडे जा. माझं मत विचाराल तर परिषदेतल्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघातल्या सदस्यांना लोक उगीच विसरतात. ७८ जणांच्या परिषदेत असे १४ जण आहेत. त्यांना एका गावाच्या गठ्ठा मतांची भीती नसते. विधानसभेतल्या आमदाराला ती असते आणि तो ती कबूल करत नाही. ‘दोन्ही बाजू ऐकून घ्याव्या लागतील’ असं तो म्हणाला की समजावं, गावची मंडळी तुमच्या आधी येऊन गेली आहेत.

अनुसूचित जमातीसाठी राखीव २५ जागांपैकी एखादी तुमच्या विभागात असेल तर तिथेही कागद द्या, मात्र केवळ राखीव जागेवरचा आहे म्हणून तो बोलेलच असं धरून चालू नका. फासे पारध्यांची मतं थोडी आणि विखुरलेली असतात.

## टप्पा ५ : मागणी एकच ठेवा

‘पारधी समाजाला न्याय द्या’ ही मागणी नव्हे, ती इच्छा झाली. आमदाराने नेमकं काय करायचं, ते एका ओळीत लिहा. पर्याय साधारण असे :

तारांकित प्रश्न : मंत्री तोंडी उत्तर देतात, सदस्यांना उपप्रश्न विचारता येतात. सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावी लागते, मुदतीच्या तारखा विधानमंडळ सचिवालय जाहीर करतं.

लक्षवेधी सूचना : विधानसभेत नियम १०५, परिषदेत नियम १०१. ताज्या, गंभीर घटनेसाठी. घटना जुनी झाली की हा रस्ता बंद.

औचित्याचा मुद्दा किंवा परिषदेतला विशेष उल्लेख : दोन-तीन मिनिटांत विषय नोंदीवर येतो, उत्तराची मात्र खात्री नाही. आमदार कचरत असेल तर सुरुवात इथून करा.

सत्ताधारी बाकावरचा आमदार सभागृहात स्वतःच्या सरकारला अडचणीत आणायला तयार नसतो. त्याच्याकडून दक्षता समितीची बैठक लावण्याचं लेखी पत्र घ्या आणि सभागृहातला प्रश्न विरोधी बाकाकडे सोपवा. दोघांना एकमेकांबद्दल आधीच सांगून ठेवा. लपवलंत आणि कळलं, तर दोघेही हात झटकतील.

## टप्पा ६ : प्रश्न तुम्हीच लिहा

आमदारांचे स्वीय सहायक एका अधिवेशनासाठी ढिगाने प्रश्न तयार करतात. तुमच्या दोन पानी व्यथेतून प्रश्न गाळून काढायला त्यांना वेळ नसतो. तयार मसुदा मिळाला तर तो जातो. म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे घाला.

विधिमंडळाच्या प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तराचाही साचा ठरलेला : ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’. यातलं शेवटचं उत्तर तुमचा खरा शत्रू. पहिल्या भागात एक तपशील चुकला की खात्याला ‘हे खरे नाही’ म्हणता येतं आणि खालच्या सगळ्या भागांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ छापून येतं.

चुकलेला नमुना :

‘(१) अमुक तालुक्यात पारधी समाजावर गेली अनेक वर्षे पोलीस व गावगुंड अनन्वित अत्याचार करीत आहेत, हे खरे आहे काय, (२) असल्यास, दोषींवर कोणती कठोर कारवाई केली?’

उत्तर काय येईल, हे तुम्हीही सांगू शकाल.

चालणारा नमुना, गृहमंत्र्यांसाठी :

‘(१) (गाव, तालुका, जिल्हा) येथील पारधी वस्तीतील झोपड्या जाळण्यात आल्याची बाब माहे ... मध्ये वा त्या दरम्यान निदर्शनास आली, हे खरे आहे काय. (२) याप्रकरणी कोणत्या पोलीस ठाण्यात, कोणत्या तारखेस, कोणत्या कलमांखाली गुन्हा नोंदविण्यात आला. (३) तपास पोलीस उपअधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याकडे कोणत्या तारखेस सोपविण्यात आला. (४) दोषारोपपत्र विहित ६० दिवसांत दाखल झाले आहे काय. (५) पीडित व साक्षीदारांना अत्याचार प्रतिबंध अधिनियमाच्या कलम १५ अ अन्वये कोणते संरक्षण देण्यात आले. (६) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

फरक पाहा. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतचे भाग ‘असल्यास’ने सुरू होत नाहीत, त्यामुळे पहिला भाग ‘अंशतः खरा’ ठरला तरी ते उभे राहतात. आणि प्रत्येकाचं उत्तर तारखेत किंवा हो-नाहीत येतं. ‘कार्यवाही सुरू आहे’ इथे बसत नाही.

मदतीची रक्कम आणि दक्षता समितीच्या बैठका हा सामाजिक न्याय विभागाचा प्रांत. दोन खात्यांची खिचडी केली की प्रश्न या खात्यातून त्या खात्याकडे फिरत राहतो, तोवर अधिवेशन संपतं. दुसरा प्रश्न स्वतंत्र लिहा : वर्षभरात समितीच्या किती बैठका झाल्या, या गुन्ह्यात किती कुटुंबांना किती अर्थसहाय्य मंजूर झालं, प्रत्यक्ष खात्यावर केव्हा जमा झालं.

सावधान : प्रकरण न्यायालयात असेल तर ‘आरोपी दोषी आहेत काय’ या वळणाचं काहीही लिहू नका. न्यायप्रविष्ट म्हणून सूचना परत येईल. प्रशासनाने काय केलं, एवढंच विचारा.

तपासा : मसुदा घटनेबद्दल काहीच ठाऊक नसलेल्या माणसाला द्या. त्याला ‘हे खरे नाही’ म्हणायला जागा सापडते का, ते बघायला सांगा. सापडली तर ती ओळ बदला.

## टप्पा ७ : भेट

आधी स्वीय सहायकांना फोन, मग मसुदा, मग भेट. शनिवार-रविवारी मतदारसंघातल्या जनता दरबारात गर्दीत कागद पुढे करणं म्हणजे तो गठ्ठ्यात जाणं. सकाळी गर्दीच्या आधीची किंवा अधिवेशनाआधीच्या तयारीच्या दिवसांतली दहा मिनिटं मागा.

चार-पाच जणच जा. निम्म्या बायका असू द्या. शहरातून आलेल्या कार्यकर्त्याने बोलायचं आणि वस्तीच्या माणसांनी हात जोडून उभं राहायचं, हे दृश्य आमदारांनी शंभरदा पाहिलेलं असतं. पहिली दोन मिनिटं वस्तीच्या माणसाची. त्याने सगळा इतिहास सांगायचा नाही, एक रात्र सांगायची : किती वाजता आले, कोणी काय म्हटलं, पोरं कुठे होती, सकाळी काय उरलं. मग तुम्ही कागद पुढे करा.

‘साहेब, आम्हाला भाषण नको. हा प्रश्न या अधिवेशनात तुमच्या नावाने जावा, एवढंच.’

साहेब म्हणतील, ‘मी एसपींशी बोलतो ना, फोन लावतो आत्ताच.’ हा क्षण सांभाळायचा. फोन लागतो, पलीकडून ‘जी साहेब’ येतं, सगळ्यांना काम झाल्यासारखं वाटतं आणि प्रश्न टेबलावरच राहतो. आभार माना आणि लगेच म्हणा, ‘फोनने आजची रात्र सुखाची जाईल साहेब. पण नोंद सभागृहातच होते. सही इथे.’

उपस्थितीपत्रकाचा कागद काढायचा की नाही, ते साहेबांच्या सुरावरून ठरवा. काढलात तर आवाज खाली ठेवून, ‘पुढच्या बैठकीला आपण असाल तर आम्हीही निवेदन घेऊन येऊ’ अशा वळणाने. चारचौघांत लाज काढलीत तर तो माणूस पुन्हा तुमचं काम करणार नाही.

निघताना पोच घ्या. सही-शिक्क्याची प्रत, तारखेसह. फोटो काढायचाच असेल तर वस्तीने पहिल्या टप्प्यात काय सांगितलं, ते आठवा.

## टप्पा ८ : जाहीरपणे काय बोलावं, तेही लिहून द्या

सभागृहाबाहेर पत्रकारांनी माईक पुढे केला की पुढारी सवयीने बोलतो, आणि सवयीची वाक्यं घातक असतात. ‘या समाजाने आता गुन्हेगारी सोडून मुख्य प्रवाहात यावं’ हे सहानुभूतीने म्हटलेलं वाक्य सबंध जमातीवर शिक्का मारतं. ब्रिटिशांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. पण ‘पारधी टोळी’ हा शब्दप्रयोग बातम्यांच्या मथळ्यांतून अजून गेला नाही.

म्हणून तीन वाक्यांची चिठ्ठी द्या. एक, घटनेचा उघड निषेध, गावाचं नाव घेऊन (वस्तीची परवानगी असेल तर). दोन, संशयिताची जमात पोलिसांच्या प्रसिद्धीपत्रकात लिहू नये, ही मागणी. तीन, सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालाचा दाखला, ज्यात विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये याची काळजी घेण्याचे निर्देश पोलिसांना आहेत. इतकंच. भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या रेणके आणि इदाते आयोगांच्या अहवालांची पानं जोडायचा मोह आवरा, माईकसमोर ती कुणी वाचत नाही.

पत्रकारांकडे जायचं ते प्रश्नाची सूचना गेल्यानंतर. आधी बातमी आली तर आमदाराला ती विरोधकाची खेळी वाटते आणि खात्यालाही कागद रंगवायला वेळ मिळतो.

## टप्पा ९ : बोलल्यानंतरचे पंधरा दिवस

प्रश्न सचिवालयातून गृह विभागाकडे, तिथून अधीक्षकांकडे आणि शेवटी त्याच ठाण्याकडे माहितीसाठी जातो. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांना सभागृहाच्या आधीच कळतं. जबाब बदलायचा दबाव, ‘समेट करून टाका’ म्हणत येणारे मध्यस्थ, जुन्या एखाद्या गुन्ह्यात नव्याने नाव, हे सगळं याच दिवसांत होतं. वकिलाचा नंबर वस्तीतल्या चार फोनांत आधीच टाकून ठेवा. कुणाला उचललं तर २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावंच लागतं, हे घरातल्या बाईला पाठ असू द्या. खोटी केस घालणं हाही अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या कलम ३(१)(पी) खाली गुन्हा आहे आणि लोकसेवकाने कर्तव्यात कसूर केल्यास कलम ४ लागतं. धमकी आली की त्याच दिवशी लेखी तक्रार, आणि तिची प्रत आमदारांच्या स्वीय सहायकांना.

उत्तर छापून आलं की ते आणि सभागृहाच्या कामकाजाचा वृत्तांत विधानमंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. मंत्र्यांनी ‘तपासून कारवाई करू’, ‘एका महिन्यात अहवाल मागवू’ असं काही म्हटलं असेल तर ते आश्वासन ठरतं आणि त्याचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिती विधिमंडळात असते. त्या वाक्याखाली रेघ मारून समितीला पत्र लिहा, आमदारांच्या पत्राची जोड देऊन. उत्तर खोटं असेल, म्हणजे संरक्षण दिलं असं छापलं आहे पण वस्तीवर एकदाही पोलीस फिरकला नाही, तर वस्तीची सही-अंगठ्यांची प्रतिज्ञापत्रं करून ती प्रश्न विचारणाऱ्या सदस्याकडे आठवड्याच्या आत पोचवा. चुकीच्या माहितीवरून मंत्र्यांना सभागृहात पुन्हा उभं करायची संधी कुठलाच विरोधी सदस्य सोडत नाही.

प्रश्न लागलाच नाही, अधिवेशन गुंडाळलं गेलं, असंही होतं. तेव्हा तोच मसुदा नव्या तारखा घालून पुढच्या अधिवेशनासाठी परिषदेतल्या सदस्याकडे न्या, आणि दरम्यान येणाऱ्या दक्षता समितीच्या बैठकीची तारीख समाजकल्याण कार्यालयातून लेखी मागून घ्या.